धुक्याचा किनारा आणि कॅमेरा : सॅन फ्रान्सिस्को परिसरातील सायंकालीन व रात्रीच्या छायाचित्रणाचे शास्त्रीय विवेचन

सारांश

धुके म्हणजे छायाचित्रणातील अडथळा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात धुक्यात कॅमेरा वस्तूइतकेच, किंबहुना अधिक, वस्तू आणि भिंग यांच्यामधील प्रकाशित हवेचे चित्र घेत असतो. प्रस्तुत लेखात कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को परिसराच्या किनाऱ्याचे उदाहरण घेऊन धुक्याची घडण, प्रकाशाचे प्रकीर्णन, संधिप्रकाशाचा अवधी, एक्स्पोजरचे गणित आणि दिव्यांचे रंग या घटकांचे विवेचन केले आहे. अशा छायाचित्रांना पर्यावरणीय नोंद म्हणून मूल्य केव्हा प्राप्त होते, याचाही विचार अखेरीस केला आहे.

बीजसंज्ञा : सागरी धुके, प्रकीर्णन, संधिप्रकाश, दीर्घ एक्स्पोजर, दृश्य नोंद

प्रस्तावना

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या मुखाशी, उत्तरेकडील कड्यावर, इ. स. १८५५ मध्ये पॉइंट बोनिटा येथे दीपगृह उभारण्यात आले. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ९३ मीटर होती. दिवा जितका उंच तितका त्याचा प्रकाश दूरवर पोचेल, हा त्यामागील साधा हिशेब होता. परंतु या किनाऱ्यावरील धुके पुष्कळदा पाण्याला टेकत नाही, ते वर तरंगत राहते. परिणामी दिवा ढगात आणि जहाजे ढगाखाली, अशी स्थिती वारंवार उद्भवू लागली. अखेर १८७७ मध्ये हा दिवा खाली, सुमारे ३८ मीटर उंचीवर असलेल्या खडकाच्या टोकावर हलविण्यात आला. पहिल्या जागेवरील दिवा निरुपयोगी ठरला तो मंद होता म्हणून नव्हे. दिवा आणि पाहणारा यांच्यामध्ये असलेल्या हवेचा विचार झालेला नव्हता, हे त्याचे कारण होय.

धुक्यात छायाचित्रे घेऊ पाहणाऱ्याची चूकही बहुधा हीच असते. तो वस्तूचा विचार करतो आणि मधल्या हवेला विसरतो. दिवसा ही चूक काही अंशी खपून जाते. सायंकाळी व रात्री मात्र मधली हवाच प्रकाशमान होते आणि चित्राचा मुख्य विषय बनते. या हवेचे शास्त्र समजून घेतल्यास छायाचित्रातील यश योगायोगावर अवलंबून राहत नाही.

१. सागरी धुक्याची घडण

आडवी दृश्यमानता १ किलोमीटरपेक्षा कमी करणाऱ्या, जमिनीलगतच्या सूक्ष्म जलबिंदूंच्या समूहाला हवामानशास्त्रात धुके म्हणतात. कोकणच्या खाड्यांवर आणि नदीखोऱ्यांत हिवाळ्यात पहाटे दिसणारे धुके प्रामुख्याने प्रारणजन्य असते. निरभ्र रात्री जमीन उष्णता गमावते, तिच्यालगतची हवा थंड होते व बाष्पाचे संघनन होते. सूर्य वर आला की हे धुके विरून जाते.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील उन्हाळी धुक्याचे स्वरूप वेगळे आहे. वसंत व उन्हाळ्यात तेथे किनाऱ्याला समांतर वायव्येकडून वारे वाहतात. या वाऱ्यांमुळे आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते व त्याची जागा घेण्यासाठी खोलवरचे थंड पाणी वर येते. पॅसिफिकवरून आलेली दमट हवा या थंड पाण्यावरून जाताना दवबिंदू तापमानापर्यंत थंड होते. त्याच वेळी पॅसिफिकवरील उच्च दाबाच्या क्षेत्रातून खाली उतरणारी उबदार, कोरडी हवा वर झाकणासारखी बसते. या तापमान-व्युत्क्रमणामुळे ओलसर थर वर मिसळू शकत नाही. पूर्वेकडील मध्यवर्ती खोरे तापले की तेथील हवेचा दाब उतरतो आणि किनारी डोंगररांगेतील गोल्डन गेट या खिंडीतून धुके आत ओढले जाते. उन्हाळ्यातील सायंकाळी हा प्रवाह विशेष जोरात असतो.

या घडणीतून छायाचित्रकाराला दोन गोष्टी उपलब्ध होतात. पहिली, हे धुके सूर्यास्ताच्या सुमारास विरत नाही, उलट बहुधा दाटते. म्हणूनच ‘धुके आणि संधिप्रकाश’ हा योग तेथे वारंवार जुळून येतो. दुसरी, थराला तळ आणि माथा असतो आणि त्यांची उंची दररोज बदलते. गोल्डन गेट पुलाचे मनोरे पाण्यापासून सुमारे २२७ मीटर उंच, तर त्यावरील रस्त्याखालचे अंतर सुमारे ६७ मीटर आहे. थराचा माथा २०० मीटरवर असेल तर डोंगरावरून पाहणाऱ्याला धुक्याच्या पांढऱ्या पृष्ठभागातून मनोऱ्यांची टोके वर आलेली दिसतात. थराचा तळ १०० मीटरवर असेल तर पुलाखालील फोर्ट पॉइंटवरून रस्ता स्पष्ट दिसतो आणि मनोरे अर्ध्यावर नाहीसे होतात. पॉइंट बोनिटाचा दिवा खाली आणण्यामागचे तत्त्व येथेही लागू पडते : प्रथम थराची उंची पाहावी, मग कॅमेऱ्याची जागा ठरवावी.

२. धुक्यातील प्रकाश

हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने अतिशय लहान असल्यामुळे ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. आकाशाचा निळेपणा त्यातून येतो. धुक्यातील थेंब मात्र साधारणपणे काही मायक्रोमीटरपासून काही दशक मायक्रोमीटर व्यासाचे, म्हणजे तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठे असतात. ते सर्व रंग जवळजवळ सारख्याच प्रमाणात विखुरतात. त्यामुळे धुक्याला स्वतःचा रंग नसतो. त्याच्यावर जो प्रकाश पडेल तोच रंग ते धारण करते. सूर्यास्तानंतर निळे दिसणारे धुके रस्त्यावरील दिव्याखाली नारिंगी दिसते, याचे कारण हेच.

या थेंबांचे प्रकीर्णन सर्व दिशांना समान नसते. प्रकाश ज्या दिशेने जात असतो त्याच दिशेने, लहान कोनांत, त्याचा मोठा भाग विखुरला जातो. म्हणून कॅमेऱ्याच्या दिशेने रोखलेल्या दिव्याभोवती मोठे तेजोवलय दिसते. तोच दिवा एखाद्या खांबाआड, झाडाआड किंवा इमारतीच्या कोपऱ्याआड घेतला की वलय टिकते, पण दिव्याचा डोळे दिपवणारा गाभा झाकला जातो. मधल्या वस्तूची छाया धुक्यात पट्ट्यांच्या रूपाने उमटते. धुक्यातील रात्रीच्या छायाचित्रणातील हा सर्वांत उपयुक्त उपाय म्हणता येईल. उलट कॅमेऱ्यावरील फ्लॅश वापरल्यास समोरच्या जवळच्याच थेंबांवरून प्रकाश परत येतो आणि चित्रावर पांढरे ठिपके व पडदा एवढेच उरते.

अंतरानुसार तीव्रताभेद कसा घटतो, याचे गणित कोशमीडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये मांडले. काळ्या वस्तूचा पार्श्वभूमीशी असलेला भेद अंतरानुसार घातांकी पद्धतीने कमी होतो आणि तो सुमारे २ टक्क्यांवर आला की वस्तू दिसेनाशी होते, असे त्यात गृहीत आहे. दृश्यमानता १ किलोमीटर असेल तर २५० मीटरवरील खडकाचा भेद मूळच्या सुमारे ३८ टक्के आणि ५०० मीटरवर सुमारे १४ टक्के उरतो. यातून रचनेचा एक नियम निघतो : धुक्यात चित्राची खोली रेषांनी नव्हे, तर अंतराच्या पायऱ्यांनी दाखवावी लागते. एक वस्तू अगदी जवळ, दुसरी मध्यम अंतरावर आणि तिसरी जेमतेम जाणवणारी, अशा तीन पायऱ्या असल्या म्हणजे धुके दिसते. सर्वच वस्तू दूर असल्यास केवळ करडा कागद हाती येतो. दिव्यांना मात्र हे गणित लागू होत नाही. काळोखात प्रकाशमान बिंदू, त्याच हवेत दिवसा दिसणाऱ्या वस्तूपेक्षा, बराच दुरून दिसू शकतो. म्हणून रात्री दिवा दिसला यावरून धुके विरळ आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

३. संधिप्रकाशाचा अवधी

सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतच्या काळास नागरी, ६ ते १२ अंशांच्या काळास नाविक आणि १२ ते १८ अंशांच्या काळास ज्योतिषशास्त्रीय संधिप्रकाश म्हणतात. हा अवधी अक्षांशावर व ऋतूवर अवलंबून असतो. २१ जूनच्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को येथे, म्हणजे सुमारे ३७.८ अंश उत्तर अक्षांशावर, नागरी संधिप्रकाश सुमारे ३१ मिनिटे टिकतो आणि पूर्ण काळोख होण्यास सूर्यास्तापासून सुमारे ११५ मिनिटे लागतात. त्याच दिवशी १७ अंश अक्षांशावरील रत्नागिरी परिसरात हे आकडे अनुक्रमे सुमारे २४ व ८२ मिनिटे येतात.

निरभ्र आकाशाखाली सूर्यास्ताच्या वेळी जमिनीवर साधारण ४०० लक्स प्रकाश असतो. नागरी संधिप्रकाशाच्या अखेरीस तो सुमारे ३.४ लक्सपर्यंत उतरतो. म्हणजे अर्ध्या तासात प्रकाश जवळपास सात वेळा निम्मा होतो, दर साडेचार मिनिटांस एकदा. धुक्याखाली मूळ आकडे कमी असतात, पण उतरण्याची गती साधारण अशीच राहते. एक्स्पोजर एकदा ठरवून त्यावर विसंबता येत नाही, ते यामुळे.

या अर्ध्या तासातील एक टप्पा विशेष महत्त्वाचा असतो. आकाशाचा निळा प्रकाश घटत जातो, पण दिव्यांचा प्रकाश तसाच राहतो. त्यामुळे केव्हातरी दोन्ही समतोल होतात. सूर्यास्तानंतरच्या गडद निळेपणाला वातावरणातील ओझोनचे शोषणही कारणीभूत असते, कारण ओझोन नारिंगी व पिवळ्या पट्ट्यातील प्रकाश शोषून घेतो. समतोलाच्या या काही मिनिटांत धुक्याचा एक भाग निळा व दुसरा नारिंगी दिसतो. त्यापूर्वी दिवे फिके वाटतात, त्यानंतर दिव्यांपलीकडील सर्व काही काळे पडते. म्हणूनच अनुभवी छायाचित्रकार सूर्यास्तापूर्वीच जागेवर पोचून ट्रायपॉड उभा करून ठेवतो.

४. एक्स्पोजरचे गणित

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, असे गृहीत धरतो. संधिप्रकाशातील धुके त्याहून उजळ असते. मापकाचा सल्ला तसाच पाळल्यास धुके मळकट करडे येते. अशा वेळी १ ते १.५ स्टॉप अधिक एक्स्पोजर देणे हितावह ठरते. पूर्ण काळोखात उलट घडते : काळ्या आकाशामुळे मापक अधिक वेळ सुचवतो आणि दिव्यांभोवतीची वलये पांढऱ्या डागांत बदलतात. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले अँसेल ॲडम्स यांनी सुमारे १९४० मध्ये फ्रेड आर्चर यांच्यासह मांडलेल्या ‘झोन पद्धती’चे मर्म येथे उपयोगी पडते. दृश्यातील कोणता भाग किती उजळ दिसावा हे यंत्राने नव्हे, तर छायाचित्रकाराने आधी ठरवावयाचे असते. डिजिटल कॅमेऱ्यात त्यासाठी हिस्टोग्रामची मदत होते. तो लाल, हिरवा व निळा असा वेगवेगळा पाहावा, कारण सोडियम दिव्यांखाली लाल रंगाची नोंद इतर दोहोंच्या आधी मर्यादा ओलांडते.

दीर्घ एक्स्पोजरची चाचणी घेण्याची सोपी रीत अशी. आयएसओ ६४०० वर एक चित्र घेऊन योग्य वेळ शोधावी. ती १ सेकंद निघाली तर आयएसओ १०० वर त्याच ॲपर्चरला ६४ सेकंद लागतील, कारण दोहोंत सहा स्टॉपचे अंतर आहे. डिजिटल संवेदकात हे प्रमाण विश्वासार्ह असते. फिल्मवर मात्र मंद प्रकाशात संवेदनक्षमता घटत जाते आणि फिल्मच्या प्रकारानुसार हिशेबापेक्षा दुप्पट किंवा त्याहूनही अधिक वेळ द्यावा लागतो. डिजिटलची अडचण निराळी आहे. संवेदक तापत गेल्याने चित्रात भुरभुर वाढते. भिंग झाकून तितक्याच वेळेचे काळे चित्र घेऊन ते मूळ चित्रातून वजा केल्यास ती बरीच कमी होते.

तीव्रताभेद कमी असल्यामुळे स्वयंचलित फोकस धुक्यात चाचपडत राहतो. दूरचा दिवा पडद्यावर मोठा करून हाताने फोकस साधणे आणि नंतर त्यास न हलविणे, हाच खात्रीचा मार्ग होय.

५. दिव्यांचे रंग

रात्रीच्या धुक्याचा रंग म्हणजे दिव्यांचा रंग, हे वर आलेच आहे. गोल्डन गेट पुलावरील रस्त्यासाठी १९७२ मध्ये उच्च दाबाचे सोडियम दिवे बसविण्यात आले होते. अशा दिव्यांचे वर्णतापमान सुमारे २००० ते २१०० केल्व्हिन असते. कमी दाबाच्या सोडियम दिव्यांचा प्रकाश तर जवळजवळ एकाच, ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. त्यात अन्य रंग नसतातच, म्हणून कोणत्याही संगणकीय सुधारणेने ते परत आणता येत नाहीत. २०१० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोसह अनेक शहरांनी सोडियमऐवजी एलईडी दिवे बसविण्यास आरंभ केला. त्यामुळे जुन्या छायाचित्रांतील नारिंगी धुके आणि नव्या छायाचित्रांतील फिकट धुके यांतील फरक हवेचा नसून दिव्यांचा आहे. दोन काळांतील चित्रांची तुलना करणाऱ्याने हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

६. ओलावा, मीठ आणि सुरक्षितता

सागरी धुक्याबरोबर मिठाचे कणही येतात. भिंगाच्या दर्शनी काचेवर थेंब जमले की दिव्यांची वलये अस्ताव्यस्त पसरतात आणि हा दोष धुक्याच्या परिणामासारखाच भासतो. म्हणून भिंगावर हूड लावावा, कोरडे कापड जवळ ठेवावे आणि दर काही चित्रांनंतर काच तपासावी. घरी परतल्यावर ट्रायपॉड व कॅमेऱ्याचे बाह्यांग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसावे. थंड कॅमेरा उबदार, दमट खोलीत थेट उघडल्यास त्यावर दव जमते. तो बंद पिशवीत ठेवून हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या येतात, पण त्यांची उंची सारखी नसते. पहिल्या भरतीत कोरडी राहिलेली जागा दुसऱ्या भरतीत पाण्याखाली जाऊ शकते. त्याशिवाय, शांत समुद्रातून एखादी लाट अकस्मात बरीच वर चढते. कडे ठिसूळ आहेत आणि धुक्यात कड्याची धार दिसत नाही. दिवसाउजेडी जागा पाहून ठेवणे, भरतीचे वेळापत्रक तपासणे, एकट्याने न जाणे आणि समुद्राकडे पाठ न करणे, या अटी तंत्राच्या आधी येतात. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. ती मोडू नये म्हणून मंद लाल प्रकाशाची बॅटरी वापरावी.

७. कलाकृती की नोंद?

१९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आदी छायाचित्रकारांनी ‘ग्रुप एफ/६४’ स्थापन केला. त्यापूर्वीच्या चित्रात्म शैलीतील धूसरता नाकारून स्पष्टतेचा आग्रह धरणारा हा गट होता. धुक्याच्या प्रदेशातच असा आग्रह निर्माण व्हावा, ही लक्षणीय बाब आहे. त्यामागील प्रश्न आजही शिल्लक आहे : धुक्यातील रात्रीचे छायाचित्र खरे म्हणावे काय?

८ मीटर प्रतिसेकंद गतीने वाहणारे धुके ३० सेकंदांत २४० मीटर सरकते. चित्रात उमटतो तो कोणताही एक क्षण नसून या संपूर्ण काळाची सरासरी असते. शिवाय मंद प्रकाशात मानवी डोळ्याला रंग नीट जाणवत नाहीत, कॅमेऱ्याला मात्र ते साठवता येतात. म्हणजे चित्रातील दृश्य कोणीही तसे पाहिलेले नसते. तरीही ते खोटे ठरत नाही. कॅमेऱ्याने किती काळ, कोणत्या मापाने प्रकाश गोळा केला हे सांगितले की ते एक मोजमाप बनते. हे न सांगितल्यास तो केवळ एक परिणाम राहतो.

हा भेद शब्दच्छल नव्हे. किनारी रेडवूड वृक्षांच्या अरण्यात वार्षिक पाण्यापैकी सुमारे ३४ टक्के वाटा झाडांवरून ठिबकणाऱ्या धुक्याचा असल्याचे टॉड डॉसन यांनी १९९८ मधील अभ्यासात दाखविले. जेम्स जॉनस्टोन व डॉसन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, विसाव्या शतकाच्या आरंभापासून या किनाऱ्यावरील उन्हाळी धुक्याचे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांनी घटले असावे. या अनुमानासाठी विमानतळांवरील ढगतळाच्या नोंदी व दीर्घकालीन तापमानाचे आकडे वापरण्यात आले. गोल्डन गेटच्या धुक्याची असंख्य छायाचित्रे उपलब्ध असूनही त्यांचा अशा कामी फारसा उपयोग होत नाही. कारण छायाचित्रकार धुके असेल तेव्हाच बाहेर पडतो. धुके नसलेल्या सायंकाळी त्याच्या संग्रहात नसतात. अशा संग्रहावरून धुके नेहमीच दाट होते असेच वाटेल, मग ते प्रत्यक्षात कितीही घटलेले असो.

यावरील उपाय साधा आहे. ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या दिशेने, सूर्यास्तानंतर ठरलेल्या मिनिटाला, एकाच ॲपर्चर व आयएसओवर, धुके असो वा नसो, एक चित्र घ्यावे. सोबत एक्स्पोजरचा काळ, वाऱ्याची दिशा, तापमान आणि ज्ञात अंतरावरील कोणत्या वस्तू दिसल्या हे टिपून ठेवावे. सुंदर चित्रांसाठी उरलेली सायंकाळ मोकळीच असते.

समारोप

धुक्यातील छायाचित्रणात कॅमेऱ्याची किंमत दुय्यम ठरते. थराची उंची, दिव्याची दिशा, वस्तूंची अंतरे आणि सूर्यास्तानंतरची मिनिटे या चार गोष्टींवर चित्राचे यश अवलंबून असते. कॅलिफोर्नियाचे तंत्र कोकणात जसेच्या तसे उतरविता येणार नाही. येथील हिवाळी धुके सायंकाळचे नसून पहाटेचे आहे, म्हणून प्रकाशाचा क्रम उलटा धरावा लागेल आणि एक्स्पोजर वाढवत न नेता घटवत न्यावे लागेल. परंतु निरीक्षणाची शिस्त दोन्हीकडे एकच राहील. खाडीकाठच्या महाविद्यालयांतील भूगोल व पदार्थविज्ञान विभागांना एक कॅमेरा, एक ट्रायपॉड आणि एक वही एवढ्या साधनांवर अशी नोंद सुरू करता येण्याजोगी आहे. पॉइंट बोनिटाचा दिवा योग्य उंचीवर येण्यास बावीस वर्षे लागली. ज्या संध्याकाळी व ज्या पहाटे नोंदविल्याच गेल्या नाहीत, त्या मात्र कितीही वर्षांनी परत मिळविता येत नाहीत.